दारामागच्या दोन बॅगा

स्नेहलतागंज, इंदूर
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

ती. आबा आणि आजी,
संबोधीचा सविनय जयभीम. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर मी गळा फाडून सांगत होते की मी मोटरसायकल घेतली, आणि तुम्ही दर वेळी म्हणत होतात की हो, इकडेही पाऊस चांगला आहे. मशीन कानाला लावा, नाहीतर मी पत्रच लिहीन, अशी धमकी तेव्हाच दिली होती. घ्या, लिहिलं.

तर आबा, मोटरसायकल घेतली. सेकंडहँड आहे, काळी आहे, आणि माझ्या पगाराची आहे. बेटम्याच्या शाळेत फिजिक्सची मॅडम झाल्यापासून माझं अर्धं आयुष्य बसमध्ये चाललं होतं. धार रोडची बस भरल्याशिवाय हलत नाही, आणि मी पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली. आमच्या प्रिन्सिपल यामिनी मॅडमनी बोलावून स्पष्टच सांगितलं, की अजून तू प्रोबेशनवर आहेस, डिसेंबरात कमिटी येऊन तुझा वर्ग बघणार, मग एक तर पक्की, नाहीतर नमस्ते. आता उशीर चालणार नाही. मग काय करते?

आता रोज वेळेवर पोचते, पण कशी पोचते ते विचारू नका. शाळेत मॅडम लोकांनी साडीच नेसायची असा नियम. मोटरसायकलवर जॅकेट, जाड पँट, बूट, हेल्मेट, आणि साडी पिशवीत. ट्रकांची धूळ खात पोचायचं, लॅबच्या स्टोअररूममध्ये कपडे बदलायचे. पहिल्या दिवशी साडी बाहेर काढली तर कुणीतरी ती चावून परत ठेवली असावी अशी दिसत होती. परवा चपला घरी राहिल्या. साडीवर ते भले मोठे बूट घालून अकरावीला न्यूटन शिकवला. पोरांनी न्यूटनकडे पाहिलंच नाही, सगळी बुटांकडे बघत होती.

आणि पापा! पापा माझ्याशी गाडीबद्दल एक शब्द बोलत नाहीत. मी समोर बसलेली असते आणि ते मम्मीला सांगतात, की कमल, तिला सांग धार रोडवर ट्रकवाले आंधळे असतात. स्वतः मात्र टीसीचा काळा कोट पॉलिथिनमध्ये कोंबून स्कूटरवर स्टेशनला जातात. ते चालतं.

तुम्ही महूला फौजेत मोटरसायकलवर डाक घेऊन फिरायचात ना? साहेबासमोर नीटनेटके कसे उभे राहायचात? जरा शिकवा.

बाकी ठीक. लोभ आहेच, आजीच्या वाट्याचाही थोडा पाठवा.

तुमची
संबोधी

*

नागपूर
गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

चि. संबोधीस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, तुझ्या आजीने माझ्या हातातून ओढून एकदा वाचलं, आणि बुटांपाशी ती इतकी हसली की तुझी काकू स्वयंपाकघरातून धावत आली. मशीनचं म्हणशील तर ते लावलं की घरातलं सगळं ऐकू येतं, म्हणून काढून ठेवतो. तू लिहीत जा.

शाब्बास! आमच्या घरात मोटरसायकल चालवणारा मीच शेवटचा असं मला वाटायला लागलं होतं. मला फार आनंद झाला आहे, तो लपवत नाही. साहेबासमोर आम्ही काही फार नीटनेटके नसायचो, पण बटणं लागलेली असायची. आमचा नियम एकच होता. किट संध्याकाळीच भरायचं, जे आधी घालायचं ते सगळ्यात वर, आणि एकदा बॅग बंद केली की सकाळी उघडायची नाही. सकाळी माणूस झोपेत असतो आणि चांगली भरलेली बॅग उचकतो. हा पट्टा घेतला का ते बघू, म्हणता म्हणता अर्धं सामान पलंगावर राहतं. तेव्हा सकाळी बॅग उघडायची नाही, हा माझा हुकूम समज. चपलांचा एक जोड शाळेतच ठेव.

फौजी कँटीनमधून दोन हिरव्या बॅगा घेतल्या आहेत, कुरियरने येतील. एक तुझी, एक धम्मपालची. सरकारी कोट पॉलिथिनमध्ये नेतो म्हणजे काय, भाजी आहे का ती? शिवाय तुला एकटीला पाठवली तर तो फुगून बसेल. लहानपणी तर पुरीवरूनही फुगायचा. दोन्हींवर पांढऱ्या रंगाने मी स्वतः नावं घातली आहेत. हात थोडा हलला, चालवून घे.

बापावर रागावू नकोस. त्याला गाडी आवडत नाही असं नाही, त्याला भीती वाटते. भांडून त्याची भीती जायची नाही. तू रोज धड घरी ये, एवढंच कर.

खुशाली कळवत जा, आणि म्हाताऱ्यावर हाच जीव राहू दे.

तुझा
आबा (किसन इंगळे)

ता. क. पोरी, मी मंजुळा आजी. निऱ्या घरीच घालून पिना लावून ठेव, पदरही चुण्या करून पिनव. मग साडी घडी करून सपाट ठेव. यांच्या फौजी पद्धतीने गुंडाळी करशील तर पुन्हा चावल्यासारखी दिसेल. गळ्याला मफलर बांध.

*

स्नेहलतागंज, इंदूर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. आबा आणि ती. आजी,
सविनय जयभीम. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, माफी. अर्धवार्षिक परीक्षेचे पेपर तपासून तपासून बोटं वाकडी झाली.

बॅगा एक नंबर आहेत! मी आणि पापा दोघंही रात्री जेवणाआधी आपापली बॅग भरतो आणि दारामागच्या खुंट्यांवर टांगतो. सकाळी कुणी चेन उघडत नाही. तुमचा हुकूम पापा इतक्या शिस्तीत पाळतात की मम्मी म्हणते, माझं एक ऐकलं असतंत असं तर! फक्त ती पांढरी अक्षरं मम्मीला खटकतात. पाहुण्यांना घर आहे की छावणी असं वाटतं म्हणे. म्हणून ती दोन्ही बॅगा नावं भिंतीकडे करून टांगते. आजीची निऱ्यांची आयडिया तर कमाल आहे. स्टोअररूममध्ये शिरते ती मोटरसायकलवाली आणि जरा वेळात बाहेर पडते ती मॅडम. केमिस्ट्रीची पलक, जी तिथे बेटम्यातच राहते, ती म्हणते हा जादूचा खेळ तिकीट लावून दाखव.

पण आबा, एक गडबड झाली आहे. दिवाळीनंतर पापांनी विषय काढला. थेट माझ्याशीच बोलले, म्हणजे किती तापले असतील बघा. डिसेंबरात नोकरी पक्की झाली नाही तर बेटमा बंद, गाडी विकायची आणि इंदूरमध्येच कुठल्या तरी कोचिंगमध्ये शिकवायचं, असं म्हणाले. मला इतका राग आला की मी म्हटलं, हौ, मंजूर. आता पस्तावतेय. मला ती शाळा आवडते आबा. ती पोरं आवडतात. आणि खरं सांगू, सकाळी शहर मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागतात तेव्हा मी हेल्मेटमध्ये मोठ्यांदा गाते. हे सगळं माझ्या एका हौमुळे जाऊ शकतं.

कमिटी गुरुवारी, १२ डिसेंबरला येणार. यामिनी मॅडमनी बजावलंय की त्या दिवशी वेळ आणि साडी, दोन्हीत कसर नको, कमिटीतली मंडळी जुन्या वळणाची आहेत. मम्मीने तिची जांभळी महेश्वरी काढून दिली आहे.

काळजी करू नका, म्हणजे थोडीशी करा. आहे तो जिव्हाळा त्या दिवशी जरा जास्त असू द्या.

तुमची
संबोधी

*

स्नेहलतागंज, इंदूर
रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. आबा आणि ती. आजी,
जयभीम, जयभीम, जयभीम! वि. वि.

आधी बसा. आजी, तूही बस. आता सांगते.

गुरुवारी मी अंधार सरतानाच निघाले, थंडी अशी की नाक आहे की नाही ते चाचपावं लागत होतं. वेळेच्या कितीतरी आधी शाळेत पोचले. फोन नियमाप्रमाणे ऑफिसात जमा केला, ऐटीत स्टोअररूममध्ये गेले, बॅग उघडली. वरच पांढराशुभ्र शर्ट. त्याखाली टाय. त्याखाली काळी पँट आणि सगळ्यात खाली काळा कोट.

आबा, मी जमिनीवरच बसले. पापा सकाळी पाण्याच्या बाटलीसाठी परत आत गेले होते, तेव्हा दोन्ही बॅगा खुंटीवरच होत्या. नावं भिंतीकडे. मी घाईत हात घातला तो पापांच्या बॅगेला. आणि हुकूम होता ना, सकाळी उघडायची नाही! उघडली असती तर घरीच कळलं असतं. मी ढसाढसा रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. डोळ्यांसमोर गाडीचं गिऱ्हाईकच उभं राहिलं.

पलक धावत आली. म्हणाली, घरून साडी आणते. पण साडी कुणाचीही चालते, ब्लाउजचं काय? तिच्या ब्लाउजमध्ये माझा एक हात गेला असता फार तर. माझ्या अंगात जॅकेटखाली जुना, कोपराला विरलेला टी-शर्ट. पापांची पँट कमरेवर राहीना. शेवटी स्वतःची काळी पँट तशीच ठेवली, बूट पुसले, वर पापांचा शर्ट घातला, बाह्या दुमडल्या आणि त्यावर कोट. घड्या मात्र काय सुंदर होत्या, एक सुरकुती नाही! यामिनी मॅडमनी मला पाहिलं, डोळे मिटले, उघडले, मी तशीच उभी होते. मग म्हणाल्या की आता जे आहे ते आहे, वर्गात चल.

कमिटीची मंडळी मागच्या बाकावर. त्यातल्या सगळ्यात वयस्क आजोबांनी विचारलं की आज तिकिटं तपासणार की काय. पोरं खिदळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पापांच्या नावाची पट्टी कोटावर तशीच आहे. आता काढून काय उपयोग! मी म्हटलं, हो, तपासणार, आणि तिथूनच सुरू केलं. गाडी ब्रेक मारते तेव्हा प्रवासी पुढे का झुकतो, मोटरसायकल वळताना तिरकी का करावी लागते. पुढे काय बोलले ते आठवत नाही, पण घंटा झाली तेव्हा ते आजोबा स्वतः प्रश्न विचारत होते आणि पोरं त्यांना उत्तरं देत होती.

बाहेर आले तर पाण्याच्या टाकीपाशी पापा! हातात माझी हिरवी बॅग. स्टेशनवर कोट घालायला गेले तर जांभळी महेश्वरी निघाली म्हणे. त्यांची ट्रेन त्यांच्याबरोबरच्या टीसी जयसिंगरावकाकांनी सांभाळली, आणि पापांच्या स्कूटरचा तेवढ्या लांब भरवसा नाही म्हणून वर स्वतःची मोटरसायकलही दिली. पापा, मोटरसायकलवर, धार रोडने, एका स्वेटरवर! बोटं इतकी आखडली होती की त्यांना बॅग सोडता येईना, मीच सोडवली. म्हणाले, आत्ताच पोचलो. बिचारे! जरा आधी आले असते तर मला साडी तरी मिळाली असती. इतकी थंडी खाऊन त्यांचा उपयोग काहीच झाला नाही.

आणि आबा, मी पक्की झाले! काल सांगितलं. सोमवारपासून साडी चुकायला नको आणि एक जादा साडी-ब्लाउज शाळेच्या कपाटात कायम ठेवायचं, ही यामिनी मॅडमची अट. पापांनी ऐकलं, हौ म्हणाले आणि बाजारात गेले. येताना हातमोजे आणले. एक जोड माझा. एक त्यांच्या मापाचा, तो कशाला ते सांगत नाहीत.

तुमचा हुकूम मात्र मी मोडणार आहे. आता सकाळी बॅग उघडून बघणार. रागावू नका, आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची पक्की
संबोधी मॅडम

*

इंदूर
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

ती. आबांस आणि ती. आईस,
धम्मपालचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहून किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा. संबोधीचं पत्र मिळेलच. तिने लिहिलं असेल की मी उशिरा पोचलो. तसं मीच तिला सांगितलंय. पण खरं वेगळं आहे आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

निघालो तेव्हा रागात होतो. जयसिंगरावांची गाडी, हातात मोजे नाहीत, कानात वारा. मनात सगळं भाषण तयार होतं, की पुरे झालं, आजच गाडी विकू. शहर संपल्यावर बोटं बधिर झाली, एक ट्रक इतक्या जवळून गेला की मी गाडी कच्च्यात उतरवली. तेव्हा कळलं की पोरगी हे रोज करते. रोज करते आणि घरी येऊन हसत जेवायला बसते. मी त्याला हट्ट म्हणत होतो. हट्टाने माणूस एखाद दिवस जाईल आबा, रोज नाही जाणार. भाषणातला एक शब्द उरला नाही.

शाळेत पोचलो तेव्हा मुलं अजून प्रार्थनेच्या रांगेत होती. साडी नेसायला भरपूर वेळ होता. मी हाक मारणारच होतो, तेवढ्यात ती स्टोअररूममधून बाहेर आली. माझा शर्ट, माझा कोट. डोळे रडून लाल, पण मान ताठ. इतकी वर्षं तो कोट घालतोय, पण त्यात इतका ताठ मी कधी चाललो नाही. कोटावर पट्टी होती, डी. के. इंगळे. डी माझा आणि के तुमचा.

मी टाकीमागे गेलो. साडी हातात होती आणि दिली नाही. तिची नोकरी गेली असती तर मी स्वतःला तोंड दाखवू शकलो नसतो, हे तेव्हाही कळत होतं. तरी नाही दिली. मला तो कोट तिच्या अंगावरून उतरवायचा नव्हता. वर्ग चालू झाल्यावर खिडकीखाली जाऊन उभा राहिलो, घंटा होईपर्यंत तिथेच होतो.

तिला हे कळू देऊ नका. आई हे वाचेलच, पण ती तरी पोटात ठेवेल का? प्रकृतीला जपा, आम्हा सर्वांवर छाया असू द्या.

काय शिकवलं ते मला काही समजलं नाही, फिजिक्स माझं कच्चंच. पण आत इंगळे शिकवत होते.

आपला
धम्मपाल