हळदीचा फोटो

हिंगोली,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सादिक,

सलाम, आणि आपला नेहमीचा रामरामही. अजराला आणि लेक उझ्माला माझी आठवण सांग. पण त्याआधी एक कर. हे पत्र दुकानात मोठ्याने लावू नकोस. गिऱ्हाईक बसलं असेल तर त्याची बाज विणून दे, त्याला वाटेला लाव, आणि मग इअरफोन घालून ऐक.

इकडे लेकीकडे सगळं ठीक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. कोमल मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. डॉक्टरांनी आठ दिवस मोबाईल बघायचा नाही अशी तंबी दिली होती. ऐकायचा नाही असं काही ते म्हणाले नव्हते. म्हणून लेकीला सांगितलं, सादिकच्या फोनसारखा माझाही फोन बोलता कर. म्हटलं, बावीस वर्षं बाळापुरात पेपर टाकला, तेवढीच वर्षं तुला वाचून दाखवला, मग बातम्या ऐकणं काय जड आहे?

माझी पार फजिती झाली. एका बातम्यांच्या साइटवर शिरलो, तर फोनमधली बाई सुरू झाली, "दुवा, दुवा, बटण, नाव नसलेलं बटण, चित्र, दुवा." बोट सरकवलं की पुन्हा तेच. मध्येच कुठलासा व्हिडिओ आपोआप लागला आणि तिच्यावर ओरडायला लागला. तो बंद कुठे करायचा ते तिलाही माहीत नव्हतं. तासाभरात माझ्या पदरात एका कुकरची जाहिरात पडली. कोमल हसून हसून खाली बसली.

तेव्हा मला कळलं की तू रोज काय करतोस. तुझी बाई इतक्या वेगाने बोलते की मला एक अक्षर उमगत नाही, आणि तू बाजेची पट्टी ताणता ताणता मान डोलावत असतोस. उझ्माने फक्त फोन चालू करून दिला होता, बाकीचं सगळं तू चाचपडत शिकलास. मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत जातोस. जिल्ह्याच्या बातम्या कितव्या मथळ्याखाली लागतात, जाहिरात बंद करायचं ते बिननावाचं बटण नेमकं कुठे लपलंय, सगळं तुला पाठ. एका साइटबद्दल एकदा म्हणालास, "हे घर बराबर बांधलंय वैजूभाऊ, दारामागं दार हाय. त्या दुसऱ्याला नुसत्या भिंती." आणि त्या भिंतीवाल्यांना तू स्वतः लिहून कळवलंस की बटणांना नावं द्या. मला तुझा फार अभिमान वाटला होता. बोललो नाही, कारण त्याच दिवशी मला कळलं होतं की तुला पेपर वाचून दाखवायची माझी सकाळची नोकरी गेली.

आता मूळ गोष्ट सांगतो. अजून लांबवलं तर कोमल जेवायला हाक मारेल आणि पुन्हा राहून जाईल.

मागच्या महिन्यात तू उझ्माच्या नर्सिंगच्या प्रवेशाची जाहिरात शोधून काढलीस. बातमीच्या खाली होती, सगळे जिथून पळ काढतात तिथे. मला म्हणालास, "मी जाहिरात सोडत न्हाई. कामाचं तिथंच निघतं. तुमच्या पेपरात जाहिराती नसायच्या का हो?"

मी म्हणालो, "कमी असायच्या."

कमी नसायच्या, सादिक. पानंच्या पानं भरून असायच्या. मी गाळायचो. आधी तुला कंटाळा येऊ नये म्हणून, पुढे सवयीने. पण एक जाहिरात मी सवयीने गाळली नव्हती.

२०११ चा जून होता. इथे हिंगोलीत, एका सरकारी कार्यालयात जागा निघाली होती. पान चार, खाली डावीकडे, दोन बोटांएवढी जाहिरात. मी ती मनातल्या मनात पूर्ण वाचली आणि तुला पावसाचा अंदाज वाचून दाखवला. तू म्हणालास, "औंदा बरा दिसतो." मी व्हय म्हणालो आणि पान उलटलं.

त्या वर्षी कोमलची आई गेली होती. दिवसभरात कोणी माझ्याशी दोन शब्द बोलायचं, तर ते तुझ्या दुकानात सकाळी. तू हिंगोलीला गेलास तर मी कुठे बसू, एवढाच माझा विचार होता. जाहिरातीचं कात्रण मात्र कापून घेतलं. मुदत बारा दिवसांची होती. बाराही दिवस ते सदऱ्याच्या खिशात घेऊन तुझ्यासमोर बसलो. तेराव्या दिवशी स्टँडवरच्या चहावाल्याच्या भट्टीत टाकलं. सगळ्या अटींत तू बसत होतास. जागा तुलाच मिळाली असती असं नाही, पण ते ठरवणारा मी कोण होतो? मला त्याची लाज वाटते, आणि ती तेव्हापासूनच वाटते.

मंगळवारी पाठवला तो फोटो हळदीचा नव्हता. हेच पत्र होतं. चार पानं हाताने लिहिली आणि फोटो काढून पाठवली. तुझ्या फोनला सगळंच वाचता येतं असं मी धरून चाललो होतो. तू लगेच फोन केलास, "काय धाडलं वैजूभाऊ? बाई नुसती चित्र चित्र म्हणून राहिली." समोरच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत होती, तीच सांगितली. तर तू म्हणालास, "सांगा की मग, कशी हाय?" दहा मिनिटं मी तुला शेजाऱ्यांची हळद सांगत होतो. शेवटी तू म्हणालास, "तुमच्यावानी कोणाला सांगता येत न्हाई." फोन ठेवून मी रडलो.

मग चार दिवस एका बोटाने हे सगळं पुन्हा लिहिलं. आजवर तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवलं. माझ्याशिवाय तुला वाचता येईल असं हे पहिलंच.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने बाळापूरला येतो आहे. दुकानावरून जाईन. माझी चप्पल तू ओळखतोस. हाक मारलीस तर बसेन, आणि तुझी बाई जिथे 'चित्र' म्हणून गप्प होते तिथलं सगळं सांगेन, कोपऱ्यातलंसुद्धा. हाक नाही मारलीस तर तसाच पुढे घरी जाईन आणि तुला बोल लावणार नाही.

ती जाहिरात मला अजून तोंडपाठ आहे. चौदा वर्षं उशीर झाला, तरी वाचतो. ऐक.

"पाहिजे. टेलिफोन ऑपरेटर. पद एक. अंध उमेदवारासाठी राखीव. शिक्षण बारावी उत्तीर्ण, टेलिफोन चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे. वयाची अट पस्तीस वर्षे. अर्ज पोहोचण्याची शेवटची तारीख तीस जून."

काही गाळलं नाही.

वैजनाथ