हिच्या फोटोतून पाहिलेलं ग्रहण

३ फेब्रु., सोम.
सौ.चा खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो, मग स्कॅन. डावीकडे मोसंबीएवढी गाठ. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीएवढ्या, मंगलएवढ्या, पण शब्द तोलून बोलतात. "आजोबा, अशी गाठ क्वचित दिसते. बहुधा साधी आहे, पण काढावी लागेल. जुना फोटो आहे का? तेव्हाही असली तर निम्मी काळजी मिटली."
"आहे की," म्हणालो. रिक्षात बसल्यावर आठवलं, त्या फोटोचं मी काय केलं ते.

४ फेब्रु.
पंधरा वर्षांपूर्वी न्यूमोनियात काढलेला तो. "डाग दिसतोय, महिन्यानं पुन्हा काढा," सांगितलं होतं. ही बरी झाली, मग कोण जातंय! पुढे ग्रहण आलं. मी पंखे-मोटारींची जळकी वायंडिंग भरणारा, सातवी पास, पण अख्ख्या धायरी गावाला विज्ञान शिकवायची हौस दांडगी. फोटोचा काळा काळा भाग कापून पुठ्ठ्याचे चष्मे केले, आळीत वाटले. ही हसली होती, "माझ्या फुप्फुसातून सूर्य बघताय होय?"

६ फेब्रु.
डावीकडे एक पांढरा गोल होता. "यातून ऊन येतं, बाद," म्हणत त्याच्या कडेनं कात्री फिरवली. लख्ख आठवतंय. की मनाला हवाय म्हणून दिसतोय? डोळे मिटले की तोच. असला तर गाठ साधी. आणि असला तर पंधरा वर्षं ती हिच्या छातीत, आणि मी...

९ फेब्रु.
डॉ.ना सगळं सांगून टाकलं. हसल्या नाहीत. "आठवण मला कागदावर नाही ना लिहिता येत, आजोबा."
सौ. म्हणाली, "अहो, सगळ्या आळीनं पाहिलं. माझंच बघायचं राहिलं."

१४ फेब्रु.
ऑप. झालं. चार तास. गाठ अख्खी निघाली, बारीक देठासकट. बरणीत दाखवली. पांढरट, गुळगुळीत. तिची कड बघताना उजव्या हाताची बोटं आपोआप कात्रीसारखी हलली. मंगलनं पाहिलं. तपासणीला आठवडा.

२० फेब्रु.
कालच सौ. घरी आली. आज माळ्यावर एक चष्मा सापडला. उजेडाला धरला. सगळा काळा, कोपऱ्यात नखाएवढी पांढरी कोर. गाठीची? की हृदयाची? हृदयही त्याच बाजूला.
रिपोर्ट उद्या. चष्मा डॉ.ना दाखवायला सोबत नेऊ का, सौ.ला विचारलं. तिनं चष्मा घेतला, डोळ्यांना लावला, खिडकीकडे तोंड केलं. बराच वेळ.
"काय दिसतंय गं?"
"थांबा हो जरा. माझं आहे, मला बघू द्या."