उजवी पाकळी आणि पिवळा पॅड

पाळी, डिचोली
रविवार, जेवणानंतर

राजमान्य राजेश्री व्याही कृष्णनाथराव यांसी पाळीहून गोकुळदासचा हात जोडून नमस्कार.

इकडे देवाच्या कृपेने सगळ्यांची तब्येत उत्तम आहे, फक्त गाडीची सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंच्या हाताला मुंग्या येत होत्या त्या गेल्या का? पेडण्याला यंदा काजू कसा आला ते कळवा. (आमच्याकडे बोंडू धरले आणि माकडांनी तपासून पास केले.) तुमच्या जावयाचा, आमच्या गौरेशचा, जहाजावरून फोन होता, तो बरा आहे, समुद्रही बरा आहे म्हणाला. समीक्षा मजेत आहे. तुमची लेक फोनवर तुम्हाला काही बोलली असेल, तर ते अर्धेच खरे धरावे. आणि बोलली नसेल, तर हे पत्र पुरे वाचून होईपर्यंत तिला फोन करू नये, ही विनंती. मीच फोन केला असता, पण मी फोनवर बोलू लागलो की आमची सौ. कमलाक्षी मागे उभी राहून दुरुस्त्या सांगते. पत्रात तिला घुसायला जागा नाही.

तर समीक्षाची काळी गाडी. आमच्या पाळीत काळी गाडी घेणे म्हणजे पांढरे धोतर नेसून चिखलणीला जाणे. खाणीची तांबडी धूळ इथे पाहुण्यासारखी येत नाही, घरच्यासारखी राहते. पण पोरीने हौसेने गाडी घेतली, आणि ती कामाला डिचोलीला निघायच्या आधी रोज सकाळी गाडी पुसून ठेवायचे काम मी आपणहून अंगावर घेतले. ट्रक विकल्यापासून सकाळी उठून करण्यासारखे माझ्याकडे तेवढेच काम होते. (चहा पिणे हे कमलाक्षी काम धरत नाही.) माझा जुना पंचा घ्यायचा, सुकाच, आणि मागच्या दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत गोल गोल, गोल गोल. जन्मभर ट्रक मी असाच पुसला, त्यावर कधी ओरखडा दिसला नाही. (ट्रकावर नवीन ओरखडा उठायला जागाच उरली नव्हती, असे कमलाक्षीचे म्हणणे. तिला ट्रकातले काही कळत नाही.) गाडी पुसून झाली की समीक्षा बाहेर येई, "बाबा, आरसो केलो मरे!" म्हणे, आणि जाई. माझा दिवस तिथून सुरू होई.

मग एका रविवारी भर उन्हात ती गाडीकडे बघत उभी राहिली. मीही बघितले. सबंध बॉनेटवर बारीक बारीक गोल रेघा, कोळ्याने जाळे विणावे तशा, आणि सूर्य त्यात मधोमध बसलेला. दोन दिवसांनी गाडीला कव्हर आले. "बाबा, आतां तुमकां रोज त्रास नाका," असे ती म्हणाली, आणि इतक्या प्रेमाने म्हणाली की मला रात्रीचे जेवण गेले नाही. तुम्हीही सासरे आहात, व्याहीही आहात, म्हणून सांगतो: म्हाताऱ्या माणसाला 'त्रास नको' म्हटले की त्याच्या हातातून काय काढून घेतले ते फक्त त्यालाच कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचा घेऊन बाहेर आलो आणि त्या कव्हराभोवती एक प्रदक्षिणा घालून आत गेलो.

तेव्हाच ठरवले, ही जाळी घालवायची आणि माझे काम परत मिळवायचे. मोबाईलवर शोधले. एक तरुण मुलगा समजावून सांगत होता की अशी जाळी मुख्यतः सुक्या फडक्याने पुसल्यामुळे पडते. (तो मुलगा पाळीला कधी आलेला दिसत नाही. ती धुळीमुळे पडते.) उपाय मात्र त्याने चांगला सांगितला: हातात धरायचे एक फिरते मशीन, त्याच्या तोंडाला चिकटवायचा पॅड, पॅडावर मलम, आणि रंगाच्या वरचा अगदी पातळ थर हळूच घासून सपाट करायचा. फार घासला तर थरच संपतो आणि गाडी कायमची फिकी पडते. मशीन मोबाईलवरच मागवले. पॅड घ्यायला म्हणून डिचोलीला गेलो, आणि कृष्णनाथराव, तिथून माझे डोके जे फिरले ते मशीनपेक्षा जोरात.

दुकानदार म्हणाला, "बाबा, तुमकां कटिंग जाय काय फिनिशिंग?" मी म्हटले, मला गाडी धड हवी. तो म्हणाला, कडक पॅड खोल रेघ काढतो पण स्वतःची धूसर झाक मागे ठेवतो, मऊ पॅड ती झाक काढतो पण रेघ काढत नाही, आणि मधला दोन्ही थोडे थोडे करतो. (आमच्या पंचायतीत असे तिघे आहेत.) मी विचारले, ओळखायचे कसे? तो म्हणाला, रंगावरून, पिवळा मधला. घरी येऊन मशीनच्या खोक्यातला कागद वाचला, तर पिवळा कडक. मोबाईलवरच्या मुलाकडे पिवळा सगळ्यात मऊ. एकच पिवळा, तिघांचे तीन स्वभाव! मग कळले की रंगांचे असे काही ठरलेले नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाला येईल तो रंग देते. मी पांढरा, पिवळा, काळा आणि एक लोकरीचा असे चार आणले होते. चारी घरापुढच्या सोप्यावर मांडून समोर बसलो, मुलगी बघायला आलेल्या माणसासारखा, नजर कुठे ठेवावी ते कळेना.

इतक्यात कमलाक्षी बाहेर आली. तिने ते गोल गोल बघितले आणि म्हणाली, "पोदेर आज दोनदां आयलो?" मी सांगितले, हे पावाचे उंडे नव्हेत, गाडीचे पॅड आहेत. तरी सायकलवरून येणाऱ्या पोदेराकडून पाव घेताना दाबून बघतात तसा तिने एकेक दाबला. "हो आयचो," पांढरा खाली ठेवत ती म्हणाली. "हो कालचो," तो पिवळा. काळ्याला म्हणाली, "हो चायेंत बुडोवन खावंचो." लोकरीचा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हो पोदेराचो न्हय, हो बोकड्याचो." आणि आत गेली. मी दाबून बघितले तर मला पिवळा आजचा वाटला. पुन्हा दाबला तर परवाचा.

शेवटी आपली जी रीत आहे ती केली. घराचा पाया घालताना, गौरेशचे लग्न ठरवताना आपण देवाला प्रसाद लावला, मूर्तीवर पाकळ्या चिकटवून कौल घेतला, मग पॅडालाच काय हरकत? चारी पॅड पिशवीत घालून देवळात गेलो. भटजींनी पिशवीत डोकावून बघितले आणि म्हणाले, "गोकुळदास, देवाची उजवी पाकळी पडली तर व्हय, दावी पडली तर न्हय. तुजे पॅड चार." मी म्हटले, एकेकाला वेगवेगळे विचारा. मनातून त्यांना मजा वाटत असावी, कारण गाऱ्हाणे त्यांनी अगदी पुरे घातले: बा देवा म्हाराजा, हो तुजो गोकुळदास तुज्या पायांकडे आयला, ताच्या सुनेच्या गाडयेक जाळीं पडल्यांत, खंयचो पॅड लावचो ती वाट तूं दाखय. माझ्या मागे एक बाई लेकीच्या नोकरीचे विचारायला बसली होती, ती सवयीने मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा!" पांढऱ्याला उजवी पडली. मला आनंद झाला. पिवळ्यालाही उजवी पडली. काळ्यालाही. लोकरीच्या वेळी पाकळी देवाला चिकटून राहिली ती राहिलीच. मागची बाई उसासे टाकू लागली. भटजींनी मला तीर्थ दिले आणि अर्थ सांगितला: "देव म्हणता, तुजें तूं पळय." (तुझे तू बघ.)

मी अर्थ असा घेतला की तिन्ही लावावेत. एक दिवस समीक्षा मैत्रिणीच्या स्कूटरवरून कामाला गेली, गाडी घरीच राहिली, तेव्हा कव्हर काढले आणि बॉनेटवर पाटाएवढा एक चौकोन धरला, कारण बिघडले तर पाटाएवढेच बिघडावे. पॅडावर मलम घेतले आणि मशीन सुरू केले. (मशीन पॅड गाडीवर टेकवून मग सुरू करायचे असते. हे कागदाच्या मागच्या बाजूला छापले आहे.) मलम तुळशीवर गेले, माझ्या चष्म्यावर गेले, आणि कमलाक्षीने वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर गेले. त्यानंतर ती जे बोलली ते पत्रात घालण्यासारखे नाही, विहीणबाई वाचतील. सोले टाकावी लागली. पुढची अडचण अशी की उन्हात काम केले तर मलम तव्यावरच्या घावनासारखे सुकते, आणि सावलीत केले तर रेघा दिसत नाहीत. म्हणून गाडी फणसाखाली आणायची, घासायची, उन्हात न्यायची, बघायची, परत फणसाखाली. शेजारच्या लोकांना वाटले मी नव्याने गाडी शिकतो आहे. एकाने कुंपणावरून विचारले, लायसन काढतलो काय? आधी पांढरा फिरवला, मग पिवळा, मग काळा, मग शंका आली म्हणून परत पिवळा. लोकरीच्याला देवाने उत्तर दिले नव्हते, तो पिशवीतच ठेवला.

आणि मग गाडी उन्हात नेली, मलम पुसले, तर तो चौकोन! त्यात फणसाचे पान न् पान मोजता येत होते. मला हर्ष झाला आणि लगेच लक्षात आले की त्या एका चौकोनामुळे बाकीची सबंध गाडी आधीच्यापेक्षा दुप्पट भिकार दिसू लागली. लपवावे म्हणून मागून कव्हर चढवू लागलो, ते अर्ध्यावर आले तोच फाटकात समीक्षा. ऑफिस लवकर सुटले होते. ती बॉनेटपाशी आली. खाली वाकली. तिने त्या चौकोनात बघून आपली टिकली सरळ केली.

"बाबा, हें कोणें केलें?"

"पॅडान," मी म्हटले.

"खंयच्या?"

तिन्ही एकाच जागी फिरवले, पिवळा तर दोनदा! मी पिवळ्याकडे बोट केले, मग पांढऱ्याकडे, मग देवळाच्या दिशेने. ती हसता हसता बॉनेटवर टेकली. (चौकोन सोडून.) मग तिने अर्धवट चढवलेले कव्हर ओढून काढले, त्याची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आनी उरिल्ली गाडी कोण करतलो, बाबा? कव्हर?" सोप्यावर माझा पंचा पडला होता तो तिने उचलला, उजेडात धरला, एकदा झटकला. तांबडी धूळ उडाली. तिने माझ्याकडे बघितले, मी फणसाकडे बघितले. तिने पंचा माझ्या खांद्यावर ठेवला आणि चहा ठेवायला आत गेली. कृष्णनाथराव, मुलगी तुम्ही फार चांगली वाढवली आहे. दुसऱ्या दिवशी तिने मला मऊ केसांचे एक फडके आणून दिले, पाण्याची बादली दाखवली, आणि आता रोज सकाळी मी गाडी भिजवून पुसतो. पंचा धुऊन कपाटात ठेवला आहे.

विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला जपावे.

आपला,
गोकुळदास

ता. क. — पंच्याचा मजकूर विहीणबाईंना वाचून दाखवू नये. त्यांना सांगितले की समीक्षाला कळते, आणि समीक्षाला ते आधीच कळले आहे हे मला कळले, असे तिला कळायला नको.

ता. क. २ — पत्र लिहायचे खरे कारण राहिलेच. उरलेली गाडी करायची तर नेमका कोणता पॅड उपयोगी पडला ते कळायला हवे, आणि पोरीच्या गाडीवर आणखी प्रयोग करणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या राखाडी गाडीला दरवाजे चार, माझ्याकडे पॅड चार. येत्या रविवारी घेऊन यावी. जेवायलाच या. लोकरीचा पॅड कोणत्या दरवाजाला लावायचा ते तुम्ही निवडा, पाहुण्यांचा मान.

ता. क. ३ — तुम्ही गाडी फार जपता, म्हणून तिच्यावर ओरखडे नसतीलच असे कमलाक्षी म्हणते. त्याची चिंता करू नये. आठवडाभर इथे ठेवून जा. पंचा समीक्षाच्या गाडीला लावायचा नाही असे ठरले आहे, तुमच्या गाडीचे कोणी काही बोललेले नाही.