रविवारचा खर्च

१ जुलै, मंगळवार

पगार झाला. चौदा हजार. मागच्या महिन्याचे कुठं गेले, सांगता येत नाय! फोन पुढं केला की पैसे जातात — खर्च केल्यासारखं वाटतच नाय. आजपासून लॅबमधून आल्या आल्या सगळं लिहायचं. चहा वीस. रिक्षा तीस. डोक्याच्या पिना दहा — काय गरज होती?

कशासाठी, तेही लिहिते. पुंडलिकनगरात एक खोली बघितलीय. डिपॉझिट दहा हजार. नवऱ्याचा, आकाशचा मार चुकवून घर सोडलं, त्याला सात महिने झाले. पोर, राजनंदिनी, अजून देवगाव रंगारीलाच, सासूबाईंपाशी. मी राहते त्या हॉस्टेलात लेकरू ठेवू देत नाहीत.

६ जुलै, रविवार

देवगावला जाऊन आले. एसटीत बायांना तिकीट अर्धंच लागतं, पण रिकाम्या हातानं कसं जायचं? फ्रॉक, केळी, रंगीत खडू, चॉकलेटं. सातशे नव्वद!

आकाश भरदुपारी आत पडलेला. दारूचा वास ओसरीपर्यंत.

सासूबाईंना म्हणाले, खोली झाली की पोरीला नेते. "नेतीस? अन् तू कामावर गेल्यावर कोण बघनार तिला? आमच्या घरची पोर हाय ती. नाय द्यायची." वर म्हणे, "मार काय तुलाच बसला व्हय? आमीबी खाल्लाच की."

बसमध्ये रडले. शेजारची बाई खिडकीकडं सरकली.

१२ जुलै

बाहेरचा चहा बंद. रिक्षा बंद. सिडकोतून चालत येते. लॅबमधली सुलेखा म्हणाली, "तोंड बघ कसं सुकलंय. चल, मी पाजते." गेले. खर्चात शून्य लिहिलं आणि लाज वाटली.

१९ जुलै

बेरीज केली. सगळ्यात मोठा खर्च चहा नाय, रिक्षा नाय — रविवार! बाकी सगळं आवळून झालंय. उद्या जायचं नाय.

२० जुलै, रविवार

फोन केला. "मम्मी, तू कुठवर आलीस?"

काम आहे म्हणाले. खर्च — शून्य.

२७ जुलै

नाय गेले.

३ ऑगस्ट, रविवार

नाय गेले. फोनवर राजनंदिनी आलीच नाय. मागून आवाज आला, "सांग ना आजी, मी खेळतेय म्हणून." पाच वर्षांची आहे. खोटं बोलायला माझ्याकडूनच शिकली!

पैसे साठतायत. पोर सुटत चाललीय.

१० ऑगस्ट, रविवार

राहवलं नाय. गेले, तशीच, काही न घेता. तिनं आधी माझे हात बघितले. मग आत पळाली.

१७ ऑगस्ट, रविवार

डिपॉझिट भरलं. चावी मिळाली. एक खिडकी, मोरी आतच. सामान चार डब्यांचं. सुलेखानं जुनी सतरंजी दिली.

सासूबाईंना फोन लावला. पत्ता सांगितला — दुसरी गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. म्हणाले, एकदा येऊन बघून तरी जा, लेकरू नीट राहील की नाय. त्यांनी फोन ठेवून दिला.

सतरंजीवर बसून राहिले. कुणासाठी घेतली ही खोली? स्वयंपाक केला नाय. लिहायला आज खर्चच खर्च आहे, लिहावंसं वाटत नाय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी लॅबला निघत होते, तर दारात सासूबाई! एका हाताला राजनंदिनी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. सासूबाईंचा ओठ फुटून सुजलेला.

"पहिल्या गाडीनं आलो. रात्री त्यानं माझ्यावरबी हात उचलला. पोरीसमोर." मान वर करेनात. "मलाबी ऱ्हाऊ देशील का गं?"

मी पिशवी हातात घेतली.