चार डिस्क आणि खंडेनवमी

सोम. २२ सप्टेंबर २००३
कारखान्यातल्या सर्व्हरची डिस्क परत कुरकुरतेय. मागच्या महिन्यात एक अशीच कुरकुरत मेली, ड्रॉइंग विभाग हातावर हात ठेवून बसला. आता शेठ, म्हणजे मनहरभाई, म्हणतात रेड बसवा. चार डिस्क एकत्र, एक गेली तरी बाकीच्यांवरून माहिती परत उभी राहते. बरं. पण कुठलं? कार्डावरचं की सॉफ्टवेअरचं? मला विचारतात! वासरांत लंगडी गाय शहाणी.
त्याच डिस्कवर बाबांच्या इथल्या उभ्या नोकरीतल्या ड्रॉइंगचे स्कॅन. सगळे व्हॉल्व्ह. कागद वाळवीने खाल्ले, आता आहे ते एवढंच. भीती वाटते.

गुरु. २५
माल पुरवणारा केतन: "कार्ड लो साहेब. कार्डला स्वतःचं डोकं असतं, सर्व्हरवर भार नाही."
पटलं. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला, वासण्याला, मेहुण्याकडे गेलो. प्रकाश म्हणे, "आणि कार्डच जळलं तर? तस्संच कार्ड शोधत फिराल भाऊजी. लिनक्सचं रेड घ्या. प्रत्येक डिस्कवर तिची ओळख लिहिलेली असते, कुठेही लावा."
तेही पटलं. दोघंही खरंच बोलतात, हीच तर पंचाईत. वीज गेली तर सॉफ्टवेअरचं काय? कार्डाला बॅटरी असते म्हणे. मग बॅटरी गेली तर... डोकं भणभणलं. जेवून झोपलो.

मंगळ. ३०
मनहरभाईंनी निकाल लावला. "जे हाथमां पकडाय ते ले." हातात धरता येईल ते, म्हणजे कार्ड. बसवलं. जुनी डिस्क माहिती चढेपर्यंत कशीबशी टिकली, मग कायमची गप्प.
टेपवर वेगळी कॉपी ठेवू का, विचारलं. "रेड छे ने?" मीही मान डोलावली. प्रकाश तर म्हणाला होता, रेड म्हणजे कॉपी नव्हे. का नव्हे, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

शनि. ४ ऑक्टो., खंडेनवमी
यंत्रं सगळी बंद. पूजेला बाबा. रिटायर झाले तरी तो मान त्यांचाच. लेथ, ड्रिल, मग सर्व्हर.
मी दांडिया बाजारातून हार घेऊन येतो तर काय, बाबांनी चारही डिस्क बाहेर ओढून टेबलावर मांडलेल्या! घरी कंपासपेटीतली हत्यारं मांडतात तशा. पुसून, प्रत्येकीला हळदकुंकू. म्हणाले, "हत्यार झाकून पूजा होते का?" आत घालतानाही मला हात लावू दिला नाही. कौतुक वाटलं, खरं सांगायचं तर.

सोम. ६
सर्व्हर उठेना. पडद्यावर: डिस्कचा क्रम जुळत नाही, नवा मान्य? होय / नाही. केतन फोनवर: "जपून हं साहेब, चुकीचं दाबलं तर सगळं साफ."
संध्याकाळी बाबांना सहज म्हणून विचारलं, कशा लावल्यात? "लेबलावरच्या नंबरांप्रमाणे. आधी उलटसुलट होत्या. कुठल्या गबाळ्याने लावल्या होत्या रे?"
मीच. आणि कुठली कुठे होती याची खूणही केलेली नाही.
सॉफ्टवेअरचं घेतलं असतं तर कशाही लावल्या तरी चाललं असतं. की नसतं? आता प्रकाशला विचारायचीही लाज वाटते.

मंगळ. ७
विचारलंच. प्रकाश म्हणतो काही दाबू नका, एकेक क्रम लावून बघू. केतन म्हणतो, क्रम बदलत बसलात तर आणखी बिघडेल, "होय" दाबा. मनहरभाई: "काले सवारे चालू जोईए, भाई." उद्या सकाळी!
त्यांची ड्रॉइंग आत अडकलीत, हे बाबांना सांगून टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते ड्रॉइंगच्या फळ्यावर कागद लावून बसले. "फूट व्हॉल्व्ह मला पाठ आहे. काढून देतो."
पहिल्या वर्तुळाशीच अडले. पेन्सिल तशीच धरून विचारतात, "व्यास किती होता रे?"
म्हटलं, उद्या कॉम्प्युटरवर बघून सांगतो.