बऱ्या झालेल्या माणसाचीच गोष्ट सांगा

परभणी, दवाखान्यातून

प्रिय बन्सीधर,

पेडगावच्या भगवानचा रामराम. तुझी तब्येत, वहिनींचे गुडघे आणि पालमची तूर या तिन्हींची आधी चौकशी करतो. 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायची आपली रीत आहे, पण मी छातीला वायरी लावलेल्या अवस्थेत पलंगावर टेकून लिहितो आहे, तेव्हा ते क्षेम तू अर्धंच धर. (मोबाईल संघप्रिया सिस्टरनं कपाटात ठेवला आहे. भावकीचा फोन आला की माझी नाडी उधळते, हे तिनं ओळखलं. शेजारच्या पेशंटचा जावई पालमला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो.) काळजी करू नकोस आणि भेटायला तर मुळीच येऊ नकोस. इथं माणसांना तोटा नाही.

झालं असं, की पंचक्रोशीत कुणाचाही दहावा असो, श्रद्धांजलीचं भाषण माझं असतं, हे तुला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यातल्या दहाव्याला 'काळानं झडप घातली' या वाक्यापर्यंत आलो आणि मीच आडवा झालो. लोकांना वाटलं हा भाषणाचाच भाग आहे, ते आणखी जोरात रडले. शेवटी कुणीतरी पाणी मारलं आणि मला जीपमध्ये घातलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा ताल बिघडलाय. मध्येच पळत सुटतं, आणि मग पुढं काय करायचं ते विसरल्यासारखं थांबतं. म्हणून छातीला चिकटपट्ट्या, त्यांना वायरी, आणि उशाशी मॉनिटर, ज्यावर माझं हृदय हिरव्या रेघेत सगळ्या गावाला दिसतं.

आणि गाव बघायला येतंच. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे केळी न्यायची आणि त्याच दुखण्यानं गेलेल्या एका माणसाची गोष्ट सांगायची. माझी चुलत बहीण सरजाबाई आली, पायाशी बसली आणि म्हणाली, "दादा, माझ्या नंदेच्या दिराला अस्संच झालतं बघा. जेवला, हात धुतला आन् गेला. तुमी जेवलाव का?" मी हातातला घास खाली ठेवला. पाठोपाठ महारुद्र आला. (तोच, जो मी परगावी असलो की माझ्या जागी दहाव्याला बोलतो.) तो गोष्ट सांगत नाही, नुसता माझ्याकडं अंदाज घेतल्यासारखा बघतो.

त्यात तुझी वहिनी, म्हणजे आमची रुख्मिणी. तिच्या मते जगातली सगळी दुखणी छातीत कफ होऊनच सुरू होतात. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं गेल्याचं बघून तिनं ओव्याचं कोमट तेल काढलं आणि माझी छाती चांगली रगडली. चिकटपट्ट्या एकेक करून सुटल्या, हिरवी रेघ सरळ झाली आणि मॉनिटर बोंबलायला लागला. सरजाबाईनं रेघ बघून हंबरडा फोडला. मी तेव्हा मोसंबी सोलत होतो. "अगं, मी हाय की इथं," म्हणालो, पण रडं एकदा लागलं की माणसाचं कोण ऐकतं. बाहेर व्हरांड्यात महारुद्रानं भाषण सुरूही केलं. म्हणे, "भगवानराव बोलायचे जास्त, पण मनानं वाईट नव्हते." बन्सी, जन्मभर मी गावाला रडवलं आणि माझ्या वाट्याला हे वाक्य.

संघप्रिया सिस्टर धावत आली. मॉनिटरकडं न बघता तिनं आधी माझं मनगट धरलं, तोंडाकडं बघितलं. "काका, चक्कर यायलीय का? छातीत दुखायलंय का?" म्हटलं, दुखायलंय, पण ते बाहेरच्या भाषणानं. मग तिनं तेल पुसलं, नव्या पट्ट्या लावल्या, रेघ पुन्हा नाचायला लागली. रुख्मिणीला रागावली नाही. "मावशी, आमी आधी माणूस बघतो, मग मशीन. तुमी बी तेवढंच बघा," म्हणाली आणि तिला एक काम दिलं: मला उठवताना आधी पाय खाली सोडून बसवायचं, चक्कर नसली तरच उभं करायचं. आता रुख्मिणी ते असं पाळते की तिच्या परवानगीशिवाय मला संडासलाही जाता येत नाही.

त्या दिवसापासून सिस्टरचा नियम आहे. एका वेळी एकच माणूस, खुर्चीवर बसायचं, आणि ज्याला हेच दुखणं होऊन जो बरा झाला त्याचीच गोष्ट सांगायची. माणसं येतात, खुर्चीवर बसतात, अशी गोष्ट आठवून बघतात आणि केळी ठेवून निघून जातात. सरजाबाईनं लय डोकं चालवलं, मग म्हणाली, "आमची म्हैस आडवी झालती. उठली की." सिस्टर म्हणाली, "चालंल." तेव्हापासून नाडीचं उधळणं कमी झालंय. थांबणं मात्र तसंच आहे.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. येऊ नकोस, हे पुन्हा सांगतो.

तुझा,
भगवान

ता. क. डॉक्टर म्हणतात, पेसमेकर बसवावा लागेल. मुलीकडच्यांना देतात तसं मी 'विचार करून कळवतो' असं उत्तर दिलंय. सिस्टरला विचारलं, मी वाचेन का. ती उगाच गोड बोलत नाही. म्हणाली, "बसवलं तर लय वर्सं जगताल, काका. न्हाई बसवलं तर कवा काय हुईल, मला सांगता येत न्हाई." बन्सी, मला भीती वाटते. रुख्मिणीसमोर हसत असतो, म्हणून तुला लिहितो.

आणखी ता. क. तुझ्या छातीत ते मशीन बसून वर्षं लोटली आणि तू अजून वहिनींना मोटारसायकलवर मागं बसवून गंगाखेडचा बाजार करतोस. आपल्या माहितीत त्या म्हशीला सोडलं तर बरा झालेला तूच. वरचं 'येऊ नकोस' तू मनानं खोड. बटणांचा सदरा घालून ये, म्हणजे खांद्याखालची ती काडेपेटीएवढी गाठ रुख्मिणीला दाखवता येईल. (मलाही बघायचीय.) तू दाखवलीस की मी डॉक्टरांना हो म्हणतो. महारुद्र भाषण सुधारून लिहायलाय म्हणे, ते वाया गेलं पाहिजे. एस.टी.त जागा धरतो तसा पलंगाजवळच्या खुर्चीवर मी रुमाल टाकून ठेवलाय. सरजाबाई त्यावर बसायच्या आत ये.