न्यायला नको, पोचवायला जा

खोपोली,
ता. २० मे १९८२

चि. सहदेव यास,
सप्रेम जयभीम.

"अक्कानं माज्या पोरीला कारखान्यात घातली, रविवारी जाऊन घेऊन येतो," असं तू चौकात धाकलूच्या गॅरेजवर चारचौघांत बोललास. धाकलूनं ते जसंच्या तसं मला सांगितलं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. त्याच्याच हाती पाठवते आहे. माझी तब्येत ठीक. बायजाचा गुडघा कसा आहे? नुसतं तेल चोळत बसू नका, बायकोला डॉक्टरकडे ने.

आता ऐक. तुझी पोरगी सुंदरा हमालीला गेलेली नाही.

जानेवारीत आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. साजगावच्या एका कारखान्यातले अधिकारी परीक्षक म्हणून आले होते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीतल्या तराजूपाशी ते थांबले. तो कित्येक वर्षं एका बाजूला झुकलेला, आम्ही त्यावर फडकं टाकून ठेवायचो. त्या दिवशी मात्र त्याची पारडी सरळ होती आणि खाली नवा स्क्रू चमकत होता. "हा कोणी दुरुस्त केला?" त्यांनी विचारलं. सुंदरा मला डबा द्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, "मी. पन थांबता येनार नाय, गाडीची वेळ झाली हाय."

"आहे म्हण," मी म्हटलं.

ते हसले. तिचं कॉलेज कुठलं ते त्यांनी मला विचारलं. म्हणाले, "बाई, मोजमापाची यंत्रं तपासायला आम्हाला माणसं मिळत नाहीत. हिच्या कॉलेजच्या फळ्यावर महिनाभर जाहिरात लागलेली आहे."

संध्याकाळी मी तिला फैलावर घेतलं. तीन वर्षं त्या फळ्यासमोरून जातेस, एकदा तरी वाचलास का? तर म्हणे, "फळ्यापाशी थांबलं की कल्याणहून घरी यायची गाडी चुकते, आत्या. आनि ते काय काम हाय का? गल्लीतल्या बायांच्या शिलाई मशिनी मी तशाच करते की."

गल्लीतल्या मशिनी, माझं घड्याळ, तुझा रेडिओ. ती हे सगळं करत होती आणि आपण दोघं तिला अभ्यास सोडून हे काय म्हणून ओरडत होतो.

तिनं अर्ज केला, परीक्षा दिली, निवड झाली. वर्षभर ठाण्याला शिकायचं, मग साजगावला नेमणूक. मुलींचं वसतिगृह मी स्वतः पाहून आले. स्वच्छ आहे. तिथल्या बाई कडक आहेत, मला पसंत पडल्या.

तू विचारशील, मग शाळेचं काय? पुढच्या वर्षी जूनमध्ये मी निवृत्त होते. सुंदरा बी.एड. करून माझ्या जागी येईल, असं मी संस्थेला सांगून ठेवलं होतं. तुलाही सांगितलं होतं. सुंदराला कुणी विचारलं नव्हतं. निवडीचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, पोरांसमोर उभं राह्यलं की मला घाम फुटतो. तुमाला सांगायचं कसं?"

मला राग आला नाही, असं लिहिणार होते. आला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी ती ओट्याशी भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. या घरात राहायला आल्यापासून मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली, ती मीच वाढून घेतली. मलाच हायसं वाटलं.

घर आता मोठं वाटेल. खोल्या दोनच आहेत.

शनिवारी ती धाकलूच्या टेंपोतून तुझ्याकडे येईल. सोमवारी तिला ठाण्याला हजर व्हायचं आहे. तेव्हा रविवारी न्यायला येऊ नकोस, सोमवारी पोचवायला तू स्वतः जा. धुतलेला सदरा घाल. तिथे पालकाची सही लागते. मी केली असती तरी चाललं असतं. केलेली नाही. जागा रिकामी ठेवली आहे.

तुझी,
अक्का

ता.क. सुंदराजवळ दिलेल्या वस्तू: माझी कॉलेजच्या वेळची ट्रंक, सतरंजी, दोन नवी पातळं, बारीक स्क्रूड्रायव्हरांचा डबा आणि माझं मनगटी घड्याळ. घराची दुसरी किल्ली तिच्याकडे होती. ती परत घेतलेली नाही.